रानमोहरीची ओळखपरेड

खडवलीपासून शीळफाट्यापर्यंत मला ओळखता येणार नाही असं एक झाड नाही! म्हणजे, ते झाड आहे एवढं मी लांबूनच ओळखतो. पुढचं नाव-गाव शिंदे वहिनी सांगतात; मी नववीतूनच सुटलेलो. दर रविवारी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतून रानफुलं बघायला निघणारे आम्ही तिघं: मी, वहिनी आणि जोशी सर. घरी येताना चपलांना चिखल आणि जिभेला किस्से चिकटलेलेच!

वहिनी बँकेतून रिटायर. यंदा सोसायटीच्या हॉलमधल्या रानफुलांच्या कार्यक्रमात त्यांना माईकवर रानमोहरी ओळखून दाखवायची होती. नाहीच मिळाली तर माईक जोशी सरांकडे! सर बोलायला लागले की लोक बसल्या खुर्चीत घोरतात.

*

शीळफाट्याजवळ पिवळं फूल दिसलं. चार पाकळ्या! "सापडली!" सर ओरडले.

वहिनींनी पान चिमटीत धरलं, तर बोटं चिकट. "सर, ही पिवळी तिळवण. मोहरीला पुंकेसर सहाच, चार लांब, दोन आखूड. इथे मोजता मोजता संध्याकाळ होईल!"

*

सरांचा भरवसा मोबाईलच्या ॲपवर. एका रोपाचे तीन फोटो, तीन नावं! मी गुपचूप त्यांच्याच डब्यातली कोथिंबिरीची काडी मातीत खोचली. सर गुडघ्यांवर बसले, फोटो काढला. "दुर्मीळ दिसतंय!"

वहिनी म्हणाल्या, "सर, तिला खोबरं लागलंय."

*

मोहरीच्या कुळातलं पान चुरडलं की नाकात झणका जातो. टिटवाळ्याला सरांनी एक पान चुरडून हुंगलं. "झणका आला!"

मी म्हटलं, "येणारच. आत्ताच एक कुत्रा तिथे पाय वर करून गेला."

सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. वहिनींनी हळूच विचारलं, "भावजी, हा उपाय हॉलमध्ये चालेल का हो?"

*

थंडी सरत आली, तरी रानमोहरी मिळेना. वहिनींचा चेहरा उतरलेला. पण मी दिवाळीनंतरच बायकोच्या मिसळणाच्या डब्यातून मूठभर मोहरी उचलून खडवलीला नदीकाठी भिरकावून आलेलो! आता तिथे फुलं डोलत होती. मी सहज फिरत फिरत दोघांना तिकडे नेलं. वहिनींनी भिंग लावून पुंकेसर मोजले आणि आख्खा झुपका मातीसकट कुंडीत घेतला.

हॉल भरलेला. "चार पाकळ्या, सहा पुंकेसर, त्यातले दोन आखूड, शेंग सडपातळ. मोहरीच, शंका नाही!"

टाळ्या! सरांनी भाषणाचा कागद खिशात घातला. सगळ्यात जोरात टाळ्या माझ्याच.

वहिनींनी कुंडी जवळ ओढली, वाकून पाहिलं आणि माईकवरच म्हणाल्या, "हिच्या बुडाशी मेथीपण उगवलीय. भावजी, रानाला फोडणी कोणी घातली?"