खिडकी उघडण्याची वेळ

कळव्यातल्या त्या गल्लीत उन्हाळ्यात एक दिवस असा उजाडतो की कोणी कोणाला "का गं रडतेस?" म्हणून विचारत नाही. त्या दिवशी अ‍ॅग्नेसच्या पडवीत बाटली मसाला कुटला जातो. पत्र्यावर कडकडीत वाळलेल्या मिरच्या मातीच्या खापरीत पडल्या की येणारा-जाणारा शिंकतो, डोळे पुसतो, अ‍ॅग्नेसला चार शब्द सुनावतो आणि जाता जाता "मला एक बाटली ठेव हं" असंही सांगून जातो.

त्या सकाळीही सगळं रीतसर चाललं होतं. अ‍ॅग्नेस डोक्याला फडकं बांधून खापरीपाशी बसली होती. तिचा नवरा अँब्रोज, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालेला शांत माणूस, मसाला भरायला नळाखाली बियरच्या रिकाम्या बाटल्या धूत होता. शेजारची गंगुबाई आणि आणखी दोघी उखळाभोवती.

"अँब्रोजभाऊ, एवढ्या बाटल्या एकट्यानं रिचवल्या?" गंगुबाईने मुसळ थांबवून विचारलं. हे ती दर वर्षी विचारायची.

"भंगारवाल्याकडून आणल्यात," अँब्रोजचंही उत्तर ठरलेलं.

"आणि भंगारवाल्याला कोणी दिल्या?"

बायका हसल्या, मिरचीचा खकाणा नाकात गेला, खोकल्या, आणि पुन्हा हसल्या. तेवढ्यात पुढचं दार वाजलं.

दारात चांगदेव उभा होता. पाठीला सॅक, तोंडावर रुमाल. त्याला पाहिल्याबरोबर अ‍ॅग्नेसच्या हातातलं उलथनं खाली आलं. हा माणूस सहज येणारा नव्हे. घरी यायची वेळ आलीच, तर विजेचा मीटर बघायला आलोय म्हणायचं, हे त्या दोघांत फार पूर्वी ठरलं होतं. पण घरात इतक्या बायका असतील हे बिचाऱ्याला काय ठाऊक!

"मीटर... मीटर बघायचाय," तो सणसणीत शिंकत म्हणाला.

"मीटर तुझ्या पाठीमागं आहे रे बाबा, भिंतीवर," गंगुबाई म्हणाली. "आत कशाला, मिरच्यांचं रीडिंग घेतोस?"

अ‍ॅग्नेस उठली आणि त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली. दार लोटलं.

"आंटी, जॉर्डन किधर है?"

"कामाला गेलाय. तुमच्याकडून औषध घेऊनच जातो ना तो?"

"तेच तर. काल आला नाही, परवा पण नाही. फोन बंद."

बाहेर मुसळांचा ठेका चालू होता. अ‍ॅग्नेसने ओट्याचा काठ धरला. तिखटाचे हात होते, तरी तेच हात तिने कपाळाला लावले, आणि मग डोळ्यांतून पाणी आलं त्याला निदान एक कारण मिळालं.

जॉर्डन तिचा मुलगा, थोरला. लेथवरचा हुशार कारागीर. हात असा बसलेला की शेट म्हणायचा, माप न घेता काम करतो. त्याच हाताला केव्हातरी गर्दची सवय लागली. आधी पन्नीवर जाळून धूर ओढायचा, मग सुईने घ्यायला लागला. घरातली भांडी गेली, अ‍ॅग्नेसच्या माहेरच्या, उत्तनच्या, बांगड्या गेल्या. पाहुणे तुटले. तिने काही करायचं बाकी ठेवलं नाही! नोव्हेनाच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या, नवस झाले. कल्याणच्या पुढे व्यसन सोडवणाऱ्या एका ठिकाणी ठेवला, तिथे पोरांना कोंडून ठेवत. बाहेर आला तो अंगाने भरलेला, पण कोंडल्याचा राग घेऊन. महिन्याभरात पुन्हा तेच.

चांगदेवची आणि तिची पहिली भेट तर भांडणातच झाली. पोराला शोधत ती एका पुलाखाली गेली होती. पाहते तर हा चांगदेव जॉर्डनच्या हातात नवी कोरी सुई देतोय. अ‍ॅग्नेसने त्याची कॉलरच धरली.

"मेल्या, लाज नाही वाटत? माझ्या पोराला सुई देतोस?"

"आंटी, मी नाही दिली तर तो बाजूवाल्याची घेईल," चांगदेव कॉलर न सोडवता म्हणाला. "बाजूवाल्याच्या रक्तात काय आहे, तुम्हाला माहिती? मला नाही माहिती."

"कोणी सांगितलं तुला हे धंदे करायला?"

"सरकारने."

"सरकारने?"

"हां आंटी. वापरलेली सुई परत घेतो, नवी देतो. एचआयव्ही नको पसरायला म्हणून."

सरकारला वेड लागलंय, असं तिने घरी येऊन अँब्रोजला सांगितलं. दारूबंदीवाले पकडतात आणि हे सुया वाटतात! पण पुढे चांगदेवनेच जॉर्डनला गोडीगुलाबीने, तो काम करायचा त्या सरकारी उपचार केंद्रावर नेलं, रक्त तपासलं गेलं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. त्याच्याबरोबर पुलाखाली बसणाऱ्या सगळ्यांच्या नशिबी हे नव्हतं. त्या रविवारी अ‍ॅग्नेसने चर्चमध्ये दोन मेणबत्त्या लावल्या. एक मदर मेरीला. दुसरी चांगदेवला, पण ते तिने त्याला कधी सांगितलं नाही.

केंद्रावरचं औषध म्हणजे जिभेखाली ठेवायची गोळी. नर्स ती कुटून पूड करते, समोर बसवून तोंडात घालायला लावते, आणि विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही. अ‍ॅग्नेस पहिल्यांदा जॉर्डनबरोबर गेली तेव्हा बाकावर ओळीने बसलेली ती मोठमोठी माणसं, मान खाली, ओठ मिटलेले, पाहून तिला चर्चमध्ये कम्युनियनचा प्रसाद घेऊन जागेवर परतलेली माणसं आठवली होती. गोळीने नशा चढत नाही, तलफ बसते. माणूस कामावर जाऊ शकतो, जेवू शकतो, झोपू शकतो. फक्त ती रोज घ्यावी लागते, आणि कधी कधी वर्षानुवर्षं.

हे 'वर्षानुवर्षं' अ‍ॅग्नेसच्या गळी उतरलं नव्हतं. गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस आले. घरात कोणी मटण सोडलं, अँब्रोजने विडी सोडली. अ‍ॅग्नेस जॉर्डनला म्हणाली, "बाळा, तू पण काहीतरी सोड. ती गोळी सोड. येशूसाठी एवढं कर." आईचं मन मोडवेना म्हणून पोराने ऐकलं. आधी नाक गळायला लागलं, मग हाडं दुखायला लागली, मग रात्रभर येरझारा. गुड फ्रायडे यायच्या आत तो पुलाखाली परतला होता. चांगदेवने तिथून उचलून आणला म्हणून वाचला.

केंद्रावरच्या डॉक्टरीणबाई तेव्हा ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "अ‍ॅग्नेसताई, अँब्रोजरावांची बीपीची गोळी सोडायला लावलीत का उपवासात?"

ते वाक्य तिच्या मनात जाऊन बसलं ते बसलंच.

आणि आता पुन्हा गोळी चुकली होती. या वेळी तर तिने काही म्हटलंही नव्हतं.

चांगदेव गेला. अ‍ॅग्नेस पडवीत आली, खापरी उतरवायला वाकली, तर गंगुबाईने तिच्या हातून उलथनं काढून घेतलं.

"तू बस. मिरच्या मी बघते."

"अगं, मीटरवाला—"

"चार वर्षं येतोय तुझा मीटरवाला," गंगुबाई खालच्या आवाजात म्हणाली. "आमच्या मीटरकडे कधी ढुंकून बघत नाही. मी विचारलं का कधी? आता पण नाही विचारत. जा तू."

संध्याकाळी जॉर्डन आला तो जांभया देत, नाक पुसत. मे महिन्याच्या उकाड्यात अंगावर काटा. अ‍ॅग्नेसला ती चिन्हं पाठ होती. तिने आरडाओरडा केला नाही. पाणी दिलं, पंखा बंद केला, समोर बसली.

"घेतलीस का बाहेर?"

"नाही मम्मा. शपथ. पण उद्याचं माहीत नाही."

"मग गोळीला का गेला नाहीस?"

"कसा जाऊ? सोमवारपासून शेटने शिफ्ट बदलली. आठला मशीनवर हजर. केंद्राची खिडकी उघडते साडेनऊला. आधी दहाची शिफ्ट होती तेव्हा जमत होतं."

"शेटला सांग ना."

"काय सांगू? गर्दुल्ला होतो, सरकारी औषध चालू आहे, उशिरा येऊ द्या? दुसऱ्या दिवशी गेटवर उभं करणार नाय तो." जॉर्डनने गुडघे पोटाशी घेतले. "तूच बोल. काम सोडू की गोळी सोडू?"

अँब्रोज इतका वेळ दाराशी उभा होता. तो म्हणाला, "काम सोड. मी आहे."

"नको," अ‍ॅग्नेस म्हणाली. "काम गेलं की पूल किती लांब आहे, मी बघितलंय. काम पण राहणार, गोळी पण राहणार."

"ते कसं काय?" बापलेक एकदमच बोलले.

"ते मला अजून माहीत नाही. पण उद्या अर्धा दिवस खाडा कर. पोट बिघडलंय म्हणून कळव. आपण जाऊ या."

दुसऱ्या दिवशी जॉर्डनच्या जिभेखाली पूड गेली, तो मान खाली घालून बाकावर बसला, आणि अ‍ॅग्नेस डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसली.

"घरी न्यायला द्या ना गोळ्या. मी कुलपात ठेवीन. माझ्या हाताने देईन."

"मला कळतंय हो, ताई. पण गेल्या वर्षी खंड पडला ना, म्हणून इतक्यात त्याला घरी न्यायला देता येणार नाही. बाहेर नेलेल्या गोळ्या विकल्या जातात, कुणी त्या विरघळवून सुईने घेतात. माणसं मेलीत. नियम उगाच नाही."

अ‍ॅग्नेसने मान डोलावली. हे तिला पटलं. जे पटेल त्याच्याशी भांडायचं नाही, हा तिचा स्वभावच होता. त्यामुळे जे पटत नाही त्याच्याशी भांडायला जोर उरायचा.

"मग ही खिडकी साडेनऊला का उघडते? तो पण नियम आहे?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "नाही. ती... ती पहिल्यापासून तशीच आहे."

"कोण बदलू शकतं?"

"मी एकटी नाही. नर्सची ड्युटी, गार्ड, सगळं वरून ठरतं. पुढच्या शुक्रवारी वरचे साहेब येतायत, पेशंट आणि घरच्यांची बैठक आहे. पण ताई, त्या बैठकीत कोणी बोलत नाही. लोक येतात, तोंड झाकून बसतात, चहा पिऊन जातात."

"मी चहा पीत नाही," अ‍ॅग्नेस म्हणाली.

बैठकीच्या आदल्या रात्री जेवताना तिने जॉर्डनला विचारलं. तोवर तो रोज उशिरा कामावर जात होता, आणि शेटने शेवटचं सांगितलं होतं: सोमवारी आठला नाही आलास तर दुसरा माणूस उभा आहे.

"उद्या मी बोलणार आहे. पण गोष्ट तुझी आहे. तू नको म्हणालास तर नाही बोलणार."

जॉर्डनने फुग्याचा, तळलेल्या गोल पावाचा, तुकडा रश्श्यात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "लोक तुला बघतील मम्मा. चर्चमधलं कोणी असलं तर?"

"असलं तर त्याचंही कोणी तिथं असेल ना? नाहीतर कशाला येईल?"

तो पहिल्यांदाच हसला. "बोल मग. पण तुझं नाव सांग. माझं नको."

शुक्रवारी ती निघाली तेव्हा अँब्रोजने मसाल्याची एक भरलेली बाटली पिशवीत ठेवली. "साहेबांना दे. आपली आठवण राहील."

अ‍ॅग्नेसने ती काढून पुन्हा फळीवर ठेवली. "रिकाम्या हातानेच मागायचं. नाहीतर मेहेरबानी मागतेय असं वाटेल."

बैठक केंद्राच्या मागच्या खोलीत होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसंच दृश्य: ओढण्या, रुमाल, टोप्या. दारापाशी चांगदेव. साहेब पोक्त होते, आवाज मऊ होता. त्यांनी सुयांचं काम, तपासणी, एचआयव्हीची औषधं, सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, "काही अडचणी? मोकळेपणाने बोला."

कोणीतरी म्हणालं, पंखा आवाज करतो. दुसऱ्याने पिण्याच्या पाण्याचं काढलं. मग चहाचे कप फिरायला लागले.

अ‍ॅग्नेसने चेहऱ्यावरचा पदर खाली घेतला आणि उभी राहिली. तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"मी अ‍ॅग्नेस. कळव्याची. माझा मुलगा इथं येतो."

पुढे बसलेल्या टोपीवाल्याची मान हळूच मागे वळली.

"साहेब, तुमच्या सुयांवरून मी ह्या चांगदेवची कॉलर धरली होती. आज त्याचे पाय धरीन. तुमची गोळी मीच एकदा सोडायला लावली होती, तेव्हा पोरगा जवळजवळ गेलाच होता. त्यामुळे औषधाबद्दल मला तक्रार नाही. रोज यायला लावता, ते पण बरोबर आहे. पण तुम्ही त्याला बरं केलंत ते कामाला लागावा म्हणून ना? तो लागला. आता कामाला लागलेल्या माणसाला तुमची खिडकी बंद दिसते. बेकार होता तेव्हा उघडी होती."

मागून एक बाई म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं पण तेच आहे हो. दुधाच्या गाडीवर जातो." लगेच डाव्या बाजूने एक पुरुषी आवाज आला, "माझं पण." टोपीवाल्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

साहेबांनी कप खाली ठेवला. "ताई, स्टाफची अडचण असते. सगळ्याच गोष्टी एकदम—"

"सगळ्या नाही मागत साहेब. एकच."

"बोला. नेमकं काय हवंय?"

अ‍ॅग्नेसने खुर्चीची पाठ सोडली.

"खिडकी सकाळी सातला उघडा."