पिवळे फ्लोट

बंदराच्या दक्षिणेचा खडक तसा कुणाच्याच मालकीचा नाही. मोठ्या ओहोटीला गावातल्या बायका तिथे कालवं फोडायला बसतात आणि समुद्राकडची कड माझ्या मावशीची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. काका गेल्यापासून तिची चूल त्या कडेवरच पेटते.

मी नोकरीला लागले त्या माणिकपूरच्या ऑफिसला नेमके त्या खडकापुढेच मासे वाढवायचे पिंजरे लावायचे होते. पिंजरे नांगरायचा आराखडा माझ्याकडे आला. पिंजऱ्याची साखळी भरती-ओहोटीबरोबर तळावर फिरते आणि वाटेत येईल ते खरवडून काढते. म्हणून मी साखळीच्या मध्यावर, पाण्याखाली, फ्लोट दाखवले. त्यांनी ती उचलून धरायची.

गावाच्या सभेत साहेबांनी मलाच उभं केलं. "तुमचीच मुलगी आहे. तिला विचारा."

माझं मराठी अडखळलं. मागून कोणीतरी म्हणालं, "बाय, इंग्लिशमधी बोल, तेवढंच कलंल." सगळे हसले. मावशी हसली नाही. ती उठून उभी राहिली.

"साखळी खडकाला लागंल का?"

"नाही लागणार."

ती खाली बसली. तिच्यामागोमाग बाकीच्याही गप्प झाल्या.

पिंजऱ्यांना आशीर्वाद द्यायला फादर होडीतून आले, त्या दिवशी मला ते पिवळे फ्लोट दिसले. सगळे वर, पिंजऱ्यांभोवती, झेंडूच्या माळा घालून तरंगत होते.

"सर, हे खाली..."

"पाण्याखाली कोण बघतंय? फोटोत दिसायला नकोत?" मग साहेब फादरांकडे वळून, "आमची कॉन्व्हेंटवाली. घाबरते फार."

फादर हसले आणि थोडं पवित्र पाणी माझ्यावरही शिंपडलं.

मी साहेबांना सविस्तर ईमेल लिहिला. उत्तरात फक्त वर केलेला अंगठा आला.

पावसाळ्याआधीच्या एका मोठ्या ओहोटीला मावशीने मला बोलावून घेतलं. कड किसणीवर किसल्यासारखी झाली होती. खाली साखळी सैल पडून होती, तिच्या कड्यांत शिंपल्यांचा चुरा.

"हिनंच सांगितलेलं," मावशी बायकांना म्हणाली, माझ्याकडे न बघता. मग कालवं फोडायचा आपला लोखंडी टोच्या माझ्या हातात दिला. "घे. एक तरी काढून दाखव."

मी उकिडवी बसले. टोचून बघितलं, पुढे सरकले, पुन्हा टोचलं. बायका एकेक करून घरी गेल्या. मावशी रिकामी टोपली कमरेवर धरून माझ्या मागे उभी होती. पाणी चढलं, माझे घोटे बुडले, तरी तिने मला ऊठ म्हटलं नाही.