मामंजी, मी आणि मधला कुत्रा

सासऱ्यांशी मी सहा वर्षं एक शब्द बोलले नाही, आणि त्यातली शेवटची दोन वर्षं आम्ही दोघांनी रोज संध्याकाळी पोटभर गप्पा मारल्या. मधे कुत्रा होता.

आजच्या सुनांना हे सांगितलं की त्या तोंडाला पदर लावून हसतात. पण पोलादपूरच्या वर, उमरठच्या वाटेला आमची वाडी होती, आणि तिथे त्या काळी सुनेनं सासऱ्याशी तोंडावर बोलणं म्हणजे पायरी सोडणं मानत. सासू असली की ती मधे असते. माझी सासू मी यायच्या आधीच गेली होती. नणंद कशेडीपलीकडे दिलेली, नवरा होता तोवर निरोप तो पोचवी, चार वर्षांनी तोही मुंबईला गिरणीत गेला. घरात उरलो तिघं. मग मामंजी ओटीवर बसून कुत्र्याला म्हणत, "सांग तिला, आमटीत मीठ नाय." मी दाराआडून कुत्र्याला सांगे, "मीठ कालच संपलंय म्हणावं, बाजाराला कोण जाणार हाय?" कुत्रा एकदा तिकडे बघे, एकदा इकडे बघे आणि पुन्हा पुढच्या पायांवर तोंड टेकवी. इतका चांगला मध्यस्थ शोधून सापडला नसता, कारण तो आपल्या पदरचं काही घालत नसे.

कुत्र्याला नाव होतं, पण ते मला घेता येत नव्हतं. मामंजींचं आपल्या थोरल्या भावाशी बांधावरून भांडण झालं, त्याच महिन्यात हे पिल्लू घरात आलं, आणि मामंजींनी त्याला भावाचं नाव ठेवलं. भाऊ अंगणावरून जाताना दिसला की हे मुद्दाम मोठ्यानं "हाड!" म्हणत आणि पुढे नाव जोडत. माणूस हट्टाला पेटला की काय काय करतो ते मी ह्या घरात शिकले. पण चुलतसासऱ्यांचं नाव सुनेनं कसं घ्यावं? घरात अडत नसे, कुत्रा मामंजींच्या पायाशीच असायचा. रानात मात्र हाक मारावी लागे. "अरे" म्हणावं तर नाव थोरल्या सासऱ्यांचं. म्हणून मी कुत्र्याला "अवो" म्हणू लागले. "अवो, चला ना." "अवो, तिकडं जाऊ नका, काटे हायत." कुत्र्याला एवढा मान वाडीत दुसऱ्या कुणी दिला नसेल.

रानात मी रोज जायची. पावसाआधी भाताच्या रोपांची जागा भाजायला झाडांच्या डहाळ्या लागतात, त्याला आमच्याकडे कवळ म्हणतात. पौष-माघात कवळ तोडायचं, बांधायचं आणि डोक्यावरून खाली आणायचं. मामंजींचे गुडघे गेल्यापासून ते काम माझ्याकडे आलं, आणि कवळाबरोबर कुत्राही आला. उमेदीत त्यानं म्हणे रानडुकराला झाडाखाली कोंडून धरलं होतं. माझ्या वाट्याला आला तेव्हा बारा वर्षांचा होता. एका डोळ्यात मोतीबिंदू झालेला, दुसऱ्यानं अंधुक दिसे, कान जवळपास गेलेले, मागचे पाय पुढच्या पायांचं ऐकत नव्हते. एक मुंगूस त्याच्या नाकासमोरून गेलं तर ह्यानं फक्त वाट करून दिली.

चढ लागला की तो पहिल्यांदा झऱ्यापाशी बसे, मग ऐनाच्या मोठ्या झाडाखाली बसे आणि शेवटी रानआंब्याखाली असा बसे, की ब्रह्मदेव आला तरी उठायचा नाही. मला आधी राग यायचा. कवळ राहून जाई. पण त्याला टाकून जाववत नसे, म्हणून मीही बसे, आणि बसल्यावर माणूस बघणार काय? समोरचंच बघणार. शेकरू फांदीवरून उलटं लटकून फळ खातं आणि साली नेमक्या कुत्र्याच्या डोक्यावर टाकतं. लाल मुंग्या पानाला पान जोडून, शिवून घर करतात आणि वाऱ्यानं पान उसवलं की पाचपन्नास जणी कडेला धरून ओढतात. एक काळा पक्षी झऱ्याच्या कातळावर बसून माणसासारखी शीळ घालतो, पण रोजच्या रोज सूर अर्ध्यावर सोडतो. कुत्रा तरणा असता तर मला रान कधी दिसलंच नसतं. त्याच्या मागून पळण्यातच जन्म गेला असता.

संध्याकाळी मामंजींना रानाची खबर लागे. ते कुत्र्यालाच विचारत. "काय रे, सावर फुलली का?" मी चुलीपाशी बसून कुत्र्याला उत्तर देई. सुरुवातीला एकदा कंटाळून ठोकून दिलं, की पळस फुलला. पौष चालू होता. मामंजी म्हणाले, "पुसात पळस फुलला? मग उद्याच शिमगा करूया, सांग तिला. होळीला लाकडं आणायला लाग म्हणावं." मला इतकी लाज वाटली, की तेव्हापासून मी फांदी न् फांदी बघून यायची. कुठल्या सावरीला किती कळे आले, कुठे डुकरांनी जमीन उकरली, साळिंदराचा काटा कुठे सापडला, सगळं. मामंजी डोळे मिटून ऐकत. तीस वर्षं त्या रानात फिरलेला माणूस आता ओटीच्या पायरीखाली उतरत नव्हता.

एका गोष्टीची खबर मात्र ते कधी विचारत नसत. ती म्हणजे मुलाची. माझा नवरा मुंबईला निघाला तेव्हा बापलेकांत जोराची झाली होती. "नांगर सोडून चाललास, तर परत तोंड दाखवू नको," असं मामंजी बोलून गेले, आणि मुलगाही त्यांचाच, त्यानं ते पाळलं. पहिल्या वर्षी आला नाही, दुसऱ्या वर्षीही आला नाही. पत्र येई, शाळेचे मास्तर वाचून दाखवत, त्यात वडिलांना दंडवत असे आणि यायचं नाव नसे. पत्र वाचलं जात असताना मामंजी पाठ करून दोरी वळत बसत. पण वळलेली दोरी नंतर बघितली तर पिळाला पीळ बसलेला नसे. बोलावणार कोण? ज्यानं येऊ नको म्हटलं, त्याच्या तोंडून ये म्हणून निघत नव्हतं. आणि सुनेपाशी तिच्या नवऱ्याचा विषय काढणं हे तर कुत्र्यातर्फेसुद्धा बसत नव्हतं.

दुसऱ्या वर्षीच्या माघात वरच्या आळीतली एक बाई शिकेकाईला रानात गेली होती. जाळीआडून तिला माझा आवाज ऐकू आला. मी रानआंब्याखाली कुत्र्याची समजूत घालत होते. "अवो, दमलात का? बसा मग. पाणी आणू? तुमच्यापायी मला रोज उशीर होतो बघा." ती बाई पुढे येऊन बघेल तर कशाला? लाजून मागच्या मागे परतली आणि वाडीभर सांगितलं, की ह्यांचा मुलगा मुंबईहून आलाय, रानात लपलाय, आणि बायको चोरून भेटते. कुणी म्हणालं गिरणीत मारामारी करून आलाय. कुणी म्हणालं बापाच्या शब्दासाठी घरात पाय ठेवत नाही. मला ह्यातलं काही कळलं नाही. वाडीत ज्याची बातमी असते त्यालाच ती शेवटी कळते.

मामंजींना मात्र दुसऱ्या दिवशी कळली.

मला एवढंच दिसलं, की माझ्या भाकरीच्या फडक्यात मामंजींच्या वाटणीच्या दोन भाकऱ्या जास्त आल्या. मामंजी कुत्र्याला म्हणाले, "रानात भूक लागते, सांग तिला." म्हटलं, म्हाताऱ्याला म्हाताऱ्या कुत्र्याची दया आली. भाकऱ्या कुत्र्याला घातल्या. दुसऱ्या दिवशी भाजलेले बोंबील. तेही त्यानं संपवले आणि त्या दिवशी तो उतरताना वाटेत चार वेळा जास्त बसला. तिसऱ्या दिवशी मामंजींनी स्वतःच्या अंगावरची घोंगडी गुंडाळून दारात ठेवली. "पहाटे दव पडतं वर, सांग तिला." माझा ऊर भरून आला. एवढी माया कुत्र्यावर! मी घोंगडी आंब्याखाली पसरली, आणि माझा कुत्रा इनामदारासारखा तिच्यावर लोळला.

त्या संध्याकाळी मामंजींनी सावरीचं विचारलंच नाही. खाली बघून म्हणाले, "खाल्लं का रे पोटभर?"

मी आतून सांगितलं, "खाल्लं म्हणावं. मग घोंगडीवर झोपले."

रानातली सवय, "झोपले" तोंडातून निघून गेलं. मामंजी ओटीवर दाराजवळ सरकून बसले.

"चालतो ना नीट?"

"कुठलं! दोन पावलं टाकली की बसतात."

त्या रात्री मामंजी जेवले नाहीत. मी ताट उचलताना मनात म्हटलं, कुत्र्याचे पाय काय आज दुखायला लागले? चौथ्या दिवशी फडक्यात त्यांची चंची निघाली, पानतंबाखूची. आता मात्र मला भीती वाटली. कुत्र्याला तंबाखू! म्हटलं, वयानं डोकं फिरलं वाटतं, नणंदेला निरोप पाठवावा लागणार.

पण त्याआधी पाचव्या दिवशी मामंजीच वर आले.

मी आंब्याखाली कवळ बांधत होते. कुत्र्याला ऐकू येत नव्हतं, नीट दिसत नव्हतं, पण घोंगडीवर पडल्या पडल्या त्याची शेपटी हलू लागली. वळून बघते तर चढावरून मामंजी. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं झाडं धरत. दर दहा पावलांवर थांबत होते. दोन वर्षं अंगणात न उतरलेला माणूस. मी पदर ओढून बाजूला झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आंब्याच्या मागे बघितलं, करवंदीच्या जाळीत बघितलं, आणि मग दोन्ही हात तोंडाशी नेऊन माझ्या नवऱ्याच्या नावानं हाक मारली.

हाक समोरच्या डोंगराला लागून परत आली. एक धनेश पंखांचा मोठा आवाज करत उडाला. मामंजींनी पुन्हा हाक मारली, आणि ह्या वेळी पुढे म्हणाले, "ये रे. मी कायपण बोलणार नाय. ये."

तेव्हा मला सगळं एकदम कळलं. भाकऱ्या, बोंबील, घोंगडी, चंची, सगळं. हातातलं कवळ तिथेच पडलं. असं वाटलं, की जमिनीनं पोटात घ्यावं. ते अजून जाळीकडे कान लावून उभे होते, आणि त्यांना सांगणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं. सवयीनं मी कुत्र्याकडे वळले. "इथं कोण नाय म्हणावं," असं म्हणायला तोंड उघडलं. कुत्रा घोरत होता.

"मामंजी," मी म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा. "इथं कोण नाय. ते आलेले नाय. मी ह्या कुत्र्यालाच अवो म्हणते. त्याचं नाव मला घेता येत नाय ना, म्हणून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कुत्र्याकडे. मग हळूहळू गुडघे धरत ते घोंगडीच्या कडेला बसले. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. घोंगडीवर हात फिरवत म्हणाले, "म्हणजे बोंबील ह्यानं खाल्ले."

"हो."

"सगळे?"

"सगळे."

मामंजी हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते पाणी हसण्याचं नव्हतं. मला रडू आवरेना. मी तिथेच, त्यांच्यासमोर, पदर न ओढता रडले. आम्ही दोघं त्या एकाच माणसाची वाट बघत होतो आणि दोन वर्षं सावरीच्या कळ्या मोजत बसलो होतो.

उतरताना त्यांना उतार झेपेना. काठीचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. कुत्रा मागून आला, दोन वेळा बसून. वाटभर ते माझ्याशी सरळ बोलले, हे झाड कुणी लावलं, इथे भेकर कसं फसवून गेलं. वाडीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या. बघू देत म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी मास्तरांना बोलावलं आणि मुलाला पत्र लिहायला सांगितलं. मास्तर टाक शाईत बुडवून वाट बघत राहिले. काल रानात एवढी हाक मारलेला माणूस, कागद समोर आल्यावर पुन्हा ओटीवरचा झाला. शेवटी पायाशी बघत म्हणाले, "लिवा, कुत्रा लय म्हातारा झालाय. दिसत नाय, ऐकू येत नाय, चालवत नाय. पण वाट बघतो म्हणावं."

मास्तरांनी विचारलं, "आणि तुमच्या तब्येतीचं काय लिहू?"

"त्येच लिवलंय की," मामंजी म्हणाले.

शिमग्याच्या आदल्या दिवशी माझा नवरा आला. डोक्यावरची ट्रंक अंगणात टाकली, कुत्र्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि थेट वडिलांच्या पायांवर डोकं ठेवलं.