खुर्चीवरची हलगी

थांबा, हे आत्ताच सांगायला पाहिजे. दुपारची सुट्टी आहे, ऑफिसात कुणी नाही, मराठी टायपिंगचं मशीन मोकळं पडलंय आणि कालची गोष्ट डोक्यात अजून गरम आहे. उद्यापर्यंत थांबलो तर मी ती शहाण्यासारखी मांडीन, आणि मग तिच्यातलं अर्धं खोटं होईल. म्हणून जसं आठवतंय तसं बडवत सुटलोय. चुका दिसल्या तर सांभाळून घ्या.

मी पिंपरीत रस्त्याकडेच्या एका नव्या कारखान्यात टायपिस्ट आहे. घर तिकडं पुनावळ्याच्या बाजूला, पवनेकाठच्या एका गावात. गावात म्हणजे गावाबाहेर, महारवाड्यात. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, गावाची हलगी वाजवायचे. दुसऱ्या गावांत हे काम दुसऱ्या कुणाकडं असेल, आमच्या गावात ते आमच्या घरात होतं. दवंडी असो, लग्न असो, देवाची जत्रा असो, निरोप यायचा आणि आबा निघायचे. जाणार नाही असं म्हणायची सोयच नव्हती.

चैत्रातल्या जत्रेत देवाची पालखी निघायची तेव्हा आम्ही पोरं लांब बांधावर बसायचो. आबा पाचट पेटवायचे, हलगीचं कातडं त्या जाळावर शेकायचे, बोटानं टकटक करून बघायचे, पुन्हा शेकायचे. कातडं ताणलं गेलं की आवाज खणखणीत व्हायचा. मग पहिली थाप पडायची बघा! अंगावर काटा यायचा. शेतं, माणसं, बैलांची शिंगं, सगळं एकदम उजळ झाल्यासारखं वाटायचं. देव कसा आहे ते मला माहीत नव्हतं, देवळात कुणी घेतच नव्हतं. पण देवळाच्या बाहेर जे काही होतं ते माझ्या बापाच्या दोन काड्यांमधून निघत होतं, आणि मला वाटायचं, गावाला काय कळतंय यातलं, हे आपलं आहे, हे आतून फक्त आपल्याला माहीत आहे.

मग मागच्याच्या मागच्या दसऱ्याला आम्ही धर्म बदलला. आमची माणसं नागपूरहून परतली, वस्तीत बैठक बसली. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, गावकीची कामं करायची नाहीत, हलगी वाजवायची नाही. वस्तीतल्या सगळ्या हलग्या गोळा झाल्या. आबांनी आपली स्वतःच्या हातानं जाळात टाकली, घरी आले, तांब्याभर पाणी प्याले आणि म्हणाले, "झालं." पुढच्या चैत्रात पालखी मुकीच निघाली. गावानं आम्हाला मजुरीला बोलवायचं बंद केलं. आबा दापोडीला वर्कशॉपात हमालीला लागले.

मला अभिमान वाटला. आजही वाटतो. पण खरं सांगू? मला त्या आवाजाची आठवण यायची. आणि हे बोलायचं कुणाशी? वस्तीत बोललो तर म्हणणार, याच्या मनातली गुलामी गेली नाही. ऑफिसात बोललो तर म्हणणार, बघा, त्यांनाच आवडतं ते. दोन्हीकडं तोंड बंद.

आता गंमत ऐका. मला टाइप करताना ठेका धरायची सवय आहे, मलाच कळत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर साताऱ्याकडचा एक क्लार्क बसतो. तो एक दिवस वैतागून म्हणाला, "राव, मशीन हाय ती, हलगी न्हवं! निम्मं ऑफिस नाचाय लागलं की."

सगळे हसले. मी पण हसलो. काय करणार? तो काही वाईट नाही, डबा उघडला की आधी माझ्यापुढं सरकवतो. पण ती हलगी त्यानं माझ्या टेबलावर आणून ठेवली ती ठेवलीच.

नेमके तेव्हा आमचे वेल्फेअरचे साहेब मागून येत होते. पुण्याचे, गाण्याचे भारी शौकीन. त्यांनी विचारलं, "हलगी? कुणाला येते हलगी?"

क्लार्क म्हणाला, "याच्या वडलांचं नाव हाय साहेब, पंचक्रोशीत."

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, बस म्हणाले. कारखान्याच्या कॉलनीत कार्यक्रम करायचा होता. "मी एकदा तुमच्या बाजूच्या जत्रेत हलगी ऐकली होती," ते म्हणाले. "अरे, काय सांगू तुला! सतार ऐकली, पखवाज ऐकला, पण ते काही वेगळंच. कुठून येतं ते कळेना. अंगावर काटा आला." आणि त्यांनी खरंच शर्टाची बाही वर करून हात दाखवला. "तुझ्या वडिलांना बोलाव. रस्त्यात उभं नाही करायचं त्यांना, स्टेजवर मानानं बसवू. खुर्ची देऊ, शाल घालू. कलेला जात नसते रे."

मी तर हवेतच! सुटलंच की कोडं! तोच आवाज, पण गुलामी वजा. मी सायकल अशी हाणली की वाकडच्या चढावर चेन पडली, ती काळ्या हातानं बसवली आणि तसाच घरी पोचलो. आबा दारात विडी ओढत बसले होते. आई चुलीपाशी. मी एका दमात सगळं सांगितलं.

आबा म्हणाले, "न्हाई."

"अहो आबा, खुर्ची देणार आहेत."

"खुर्चीत बसून हलगी कशी वाजवू? ती काय पेटी हाय?"

आई आतून म्हणाली, "शाल तरी घ्या. थंडीत हुईल."

"तू गप गं."

मी म्हणालो, "आबा, पण ते किती सुंदर होतं. तुम्ही वाजवायचा तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. तुम्हाला येत नव्हता?"

आबांनी विडी विझवली. माझ्याकडं असं बघितलं जसं मी परगावचा कुणी आहे. "तू बांधावर बसायचास," ते म्हणाले. "मी रस्त्यात असायचो. मागनं पालखी, दोन्ही अंगाला गर्दी. माझं समदं ध्यान पायाकडं. कुणाला शिवलो तर? देवळाची पायरी किती लांब ऱ्हायली, हात कवा थांबवायचा, कोण वरडतंय. हात वाजवायचे आपल्या सवयीनं. मी हलगी कवा ऐकलीच न्हाई, पोरा."

एवढी वर्षं मला वाटत होतं की मी आतला आहे. आणि बघतो तर मी साहेबांच्या शेजारी बसलेलो. दोघंही ऐकणारे. त्यांचा काटा खरा, माझा काटा खरा, पण त्या रस्त्यावर पाय कसे टाकायचे ते आम्हा दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. एकाच आवाजाबद्दल बापाला एक माहिती, लेकाला दुसरी, आणि एका घरात राहून इतक्या दिवसांत ती एकमेकांना सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांना नाही म्हणून सांगितलं. ते नाराज झाले, पण रागावले नाहीत. "अरे, विद्या आहे ही. अशी जाळून टाकतात का? नुकसान कुणाचं झालं, सांग."

मी म्हणालो, "साहेब, ते म्हणतात त्यांनी हलगी कधी ऐकलीच नाही."

साहेब हसायला लागले. "वडील विनोदी दिसतात हं तुझे!"

"विनोद नाही साहेब. खरंच म्हणाले."

"असं कसं? वाजवणाऱ्याइतकं कोण ऐकतं?"

साहेबांनी संगीतावर किती वाचलंय, आणि वाचलेल्यावर ते किती विश्वास ठेवतात. आबांच्या त्या एका वाक्याला मात्र त्यांच्याकडं ठेवायला जागाच नव्हती, म्हणून ते हसण्यावारी गेलं. ते मुद्दाम करत नव्हते. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आणि काल संध्याकाळी कार्यक्रम झाला. साहेबांनी नदीपलीकडच्या एका गावातून दुसरे एक हलगीवाले आणले होते, पांढऱ्या मिशांचे, आबांपेक्षा वयानं मोठे. फरशीच्या स्टेजवर एक खुर्ची, मागं पडदा. त्यांनी आधी खाली मैदानात गवत पेटवून हलगी शेकली. मी कॉलनीच्या लोकांत बसलेलो, इस्त्रीचा शर्ट घालून. मनाशी ठरवून आलो होतो की आपल्याला काही वाटणार नाही, आता आपल्याला माहिती झालंय.

पहिली थाप पडली आणि आला की हो काटा! मी हात चोळतोय, तो जातच नाही. माहिती डोक्यात होती, पण हाताच्या केसांना ती कुणी सांगितली नव्हती. मग मी मुद्दाम त्यांच्या पायांकडं बघायला लागलो. केवढं मोठं रिकामं स्टेज, आणि ते कडेकडेनं, एवढ्याशा जागेत वाजवत होते.

वाजवून झालं. टाळ्या. साहेबांनी शाल घातली आणि खुर्चीकडं हात केला, बसा. म्हाताऱ्यानं वाकून नमस्कार केला, हलगी अलगद खुर्चीवर ठेवली आणि स्वतः खुर्चीच्या पायाशी खाली बसला.

साहेबांचे डोळे पाणावले. स्टेजवरून उतरून माझ्याकडं वाकून म्हणाले, "बघ. वाद्याबद्दल केवढा आदर!"

मला मात्र दुसरंच दिसलं. मला रस्ता दिसला, पायरी दिसली, वर बसायचं धाडस नसलेला माणूस दिसला. मी चिडलो. कार्यक्रम संपल्यावर सरळ मागं गेलो आणि विचारलं, "बाबा, तुम्ही खुर्चीवर का बसला नाही?"

ते म्हणाले, "आरं, तापवलेली व्हती ती. फरशी गार. खाली ठेवली की कातडं सैल पडतंय."

"मग मांडीवर घ्यायची होती."

"व्हय की," ते म्हणाले, आणि हसले. "सुचलंच न्हाई बघ." एवढं बोलून चहा प्यायला लागले.

आता तुम्ही सांगा, यातलं खरं काय? साहेबांनी आदर बघितला, मी अपमान बघितला, आणि त्या बाबांनी गार फरशी सांगितली. का ते खरं बोलले आणि तरी सगळं बोलले नाहीत? मला ठरवता येत नाही. रस्ताभर सायकलवर हेच.

घरी आलो तर आबा जागेच होते. मी खुर्चीचं सांगायला सुरुवात केली. त्यांनी हातानं थांबवलं.

"वाजवलं कसं त्यानं?"

"चांगलं वाजवलं."

"चांगलं म्हंजी? चाल कंची धरली? बारकी काडी मोकळी पडत व्हती का दबून?"

मला सांगता येईना. मी तर त्या बाबांचे पाय बघत होतो.

आबा उठून बसले. मग म्हणाले, "मला न्यायचं हुतंस."

मी चाटच. "अहो, तुम्हीच तर नाही म्हणालात!"

"वाजवायला न्हाई म्हनलो. वाजवायचं न्हाई असं ठरलंय. ऐकायचं न्हाई असं कुटं ठरलंय? बसलो असतो की मागं कुटंतरी. एकदा बघितलं असतं, काय लागतंय ते."

आई म्हणाली, "आता झोपा," आणि कंदील बारीक केला.

साहेबांनी त्यांना वाजवायला बोलावलं. गावानं जन्मभर वाजवायला बोलावलं. मीही वाजवायलाच बोलावलं. ऐकायला चला म्हणून कुणालाच सुचलं नाही, आणि मी तर हलगीच्याच घरात जन्मलोय. सकाळपासून हे डोक्यातून जात नाही, म्हणून हे बडवत बसलोय. तुमच्याकडं झालंय का असं कधी? ज्याच्या हातची गोष्ट तुम्हाला जन्मभर गोड लागली, त्याला ती कधी चाखायला मिळाली का, हे विचारायचं राहून गेलंय का तुमचं?