आईला दुखलं नव्हतं

आधी मामाला झटका आला. वडवणीच्या बाजारात मेंढरं विकायला उभा असताना छातीवर दगड ठेवल्यागत झालं, दरदरून घाम सुटला, आणि शेजारच्या माणसांनी त्याला जीपमध्ये घालून तासाभरात बीडला आणलं. मी बीडलाच राहते, एका क्लासमध्ये गणित शिकवते. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तो कळांनी तळमळत होता. डॉक्टरांनी हृदयाच्या बंद पडलेल्या नळीत स्प्रिंग बसवली. दोन महिन्यांनी तो पुन्हा मेंढरांमागं जायला लागला. बिड्या तेवढ्या सुटल्या नाहीत.

त्याच वर्षी आईवर ती वेळ आली. ती मामाहून मोठी. वडवणीत एकटी राहायची, दारात चार शेळ्या. साखरेचा आजार पंधरा वर्षांचा, गोळ्या आठवतील तेव्हा. एका शुक्रवारी फोनवर म्हणाली, "लई दम लागतोय बाई. मळमळतंय. पित्त झालं असंल."

"छातीत दुखतंय का?" मी मुद्दाम विचारलं. मामाचं ताजंच होतं.

"न्हाई. छातीत काईच न्हाई."

मी निर्धास्त झाले. सोडा पी म्हणाले, रविवारी येते म्हणाले.

रविवारी गेले तर ती ओसरीवर गुडघ्यांवर डोकं टेकून बसली होती. ओठ काळपट पडलेले. शेळ्यांचं दूधही काढलं नव्हतं. तिला बीडला आणल्यावर ईसीजी बघून डॉक्टर म्हणाले, "झटका येऊन दोन दिवस झालेत."

"पण तिला दुखलं नाही."

"साखरेनं नसा बधिर होतात. कळ उठली तरी माणसाला कळत नाही."

मामासारखीच स्प्रिंग आईलाही बसवली. मी तिला माझ्या घरी आणलं आणि दिवस मोजू लागले. दीड महिन्यानं तपासणी झाली, तर हृदय निम्म्याहून कमी ताकदीनं चालत होतं. मी डॉक्टरांना भांडल्यासारखंच विचारलं, "माझा मामा बरा झाला. हिचंच असं का?"

त्यांनी कागद बाजूला ठेवला. "त्यांना वेळेत आणलं, यांना उशीर झाला, हे एक. दुसरं म्हणजे मोठी नळी आपण उघडली, पण तिच्यापुढच्या बारीक नळ्या साखरेनं आधीच खराब झाल्यात. कालव्याला पाणी सोडलं अन् शेतात जाणाऱ्या चाऱ्या बुजलेल्या असल्या, तर रान भिजतं का? साखर असली की मार खाल्लेलं हृदय लवकर सावरत नाही."

पुढचं वर्ष पाणी मोजण्यात गेलं. पाय सुजायचे, म्हणून दिवसाला लिटरभरच पाणी द्यायचं. एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत ती तांब्याकडं बघत बसायची. "एक घोट दे," म्हणायची. मी नाही म्हणायचे. एकदा तिला आंघोळीच्या बादलीतलं पाणी ओंजळीनं पिताना मी पाहिलं, आणि हात धरून तिला ओढलं. आईला. आडवं पडलं की जीव घुसमटायचा, म्हणून उशांना टेकून बसूनच झोपायची.

मामा दर आठवड्याला शिरूरहून यायचा, स्टँडवरून चालत. त्याचं ते चालणं मला बघवेना. एकदा आईसमोरच बोलले, "तू बिड्या ओढून ठणठणीत, अन् हिनं काय पाप केलं?"

मामानं मान खाली घातली. आई म्हणाली, "त्याला कशाला बोलती? तो वाचला तेवढं तरी बरं झालं." त्यानंतर मामाचं येणं कमी झालं.

आई गेली ती दुपारी, जेवणाचं ताट समोर असताना. घास तोंडातच राहिला.

दहाव्याला सगळं उरकल्यावर मामा माझ्या घराबाहेरच्या कडुलिंबाखाली बसून राहिला. मी चहा घेऊन गेले. त्या बोलण्याची माफी मागायची, असं दारातून निघताना ठरवलं होतं. तोच आधी बोलला, "मी बाजारात वरडलो, म्हणून माणसं धावली. आक्काला वरडायला काई झालंच न्हाई."

"शुक्रवारी मला फोन केला होता तिनं," मी म्हणाले.

"ठावं हाय मला."

एवढंच. चहा पिऊन, कप धुवून त्यानं माझ्या हातात दिला आणि शिरूरच्या गाडीसाठी उठला. माफीचं राहूनच गेलं. अजूनही मागितलेली नाही.