ठिपक्यांचा सिताराम

सेलूच्या मोंढ्याजवळ चंद्रभान पेंटरचं टपरीएवढं दुकान होतं. पाट्या आणि कापसाच्या जिनिंग मिलच्या भिंती रंगवायचा. अक्षर सूत धरून, कंपास लावून काढायचा. बोटभर असो की पुरुषभर, कड कधी मोडायची नाही.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीत मारल्या गेलेल्या सितारामची मोठी तसबीर लावायचं जवळच्या एका गावातल्या बौद्धवाड्यानं ठरवलं. फोटो एकच उरला होता, वर्तमानपत्रातला, अंगठ्याएवढा. बाकीचे घराबरोबर जळाले होते.

काम चंद्रभानकडं आलं. त्यानं कात्रणावर भिंग धरलं. चेहरा नव्हताच, नुसते काळे ठिपके. एकेका डोळ्याच्या जागी चार.

"हे मोठं केलं तर ठिपकेच मोठे होतील," तो वाड्याच्या कमिटीतल्या तात्याराव मास्तरांना म्हणाला. "मी रेषेनं काढतो. रेषा कितीबी वाढवा, फुटत न्हाई."

"पण डोळे कुठून आणशील?"

"सरजाबाईला इचारतो."

सरजाबाई सितारामची बायको. पंधरा दिवस चंद्रभान तिच्या दारात कागद घेऊन बसला. नाक डावीकडं वाकडं, बैलानं मारलेलं. हसताना एक भुवई वर जायची. ती सांगायची, तो खोडून पुन्हा काढायचा. शेवटी पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "हेच. असंच बघायचे."

तात्यारावांनी चित्र निरखलं. "लय भारी हाय, पेंटर. पण हातानं काढलेलं काय खरं? उद्या कोणी म्हणंल, असा माणूसच नव्हता. फोटो म्हंजी पुरावा."

कात्रण मोठं करायला परभणीच्या स्टुडिओत गेलं.

कार्यक्रमात चार फुटी फोटोवरचा पडदा सरला. जवळून करडी चाळणीच दिसत होती. हार घालायला सरजाबाईला पुढं आणलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"ह्ये कोण हाय?"

बाईला नीट दिसत नसेल, असं समजून कोणीतरी तिचा हात धरून हार चढवला. टाळ्या झाल्या. मागं उभ्या चंद्रभाननं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी तो चित्र घेऊन तिच्याकडं गेला. "माय, हे घरात लावा."

तिनं हात पुढं केला नाही. "आता समद्या गावानं त्या फोटोलाच माझा मालक म्हणलंय. दोन-दोन मालक घरात कुठं ठिवू?"

"पण तुमीच म्हणल्या, हेच म्हणून."

"म्हणले व्हते. पण फोटो लावताना मला कोणी इचारलं?"

त्यानंतर चंद्रभाननं कुणाचा चेहरा काढला नाही.