अंधारात मुलगी दाखवली

माझ्या बायोडेटात वडिलांनी ‘वर्ण : गोरा’ असं टाइप केलं होतं. मी काळी आहे. सावळी नाही, निमगोरी नाही, सरळ काळी. खरं लिहिलं तर लोक फोटोसुद्धा पाहत नाहीत, असं वडिलांचं म्हणणं. आणि फोटो स्टुडिओवाल्याने तो फोटो इतका उजळवला होता, की रस्त्यात भेटले असते तर मीच मला ओळख दिली नसती.

मारेगावचे पाहुणे खरोखर बघायला येतो म्हणाले तेव्हा घरात धावपळ उडाली. तोडगा मावशीने काढला. वडील यवतमाळातल्या एका चित्रपट मंडळाचे चिटणीस. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी वाचनालयाच्या खिडक्यांवर सतरंज्या टांगून ते जुने इंग्रजी चित्रपट दाखवतात.

“पाहुण्यायले तिथंच बोलवा ना,” मावशी म्हणाली. “अंधारात कोणाले काय दिसते?”

तरी आईने माझ्या तोंडावर पावडरचे तीन थर दिले. मी ते मुकाट लावून घेतले, कारण मुलगा मला आवडला होता. फोनवर दोनदा बोललो होतो आणि दोन्ही वेळा त्याने माझं वाक्य मला पूर्ण करू दिलं होतं. तोवर आलेल्या स्थळांत एवढंही कोणी केलं नव्हतं.

वडिलांनी मंडळाच्या यादीत ‘कौटुंबिक नाट्य’ एवढंच वाचून चित्रपट निवडला होता. निघाला तो असा : मुलगा मोठ्या घरचा, मुलगी काळ्या वंशाची, आणि मुलाच्या घरचे तिला उंबरठाही चढू देत नाहीत. त्यात ही काळी मुलगी झाली होती एक गोरीपान नटी, चेहऱ्याला काहीतरी फासून. पडद्यावर काळी रंगवलेली ती आणि खुर्चीत पांढरी रंगवलेली मी, अशा आम्ही दीड तास समोरासमोर होतो. शेवटी ती फाटकाबाहेरूनच परत फिरली तेव्हा मला रडू आवरेना. ते तिच्यासाठी नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

माझ्या शेजारी मारेगावच्या मुलाची आई हुंदके देत होती. “नुसत्या रंगावरून पोरीले नाकारलं,” ती म्हणाली. “माणसं होत का राक्षस?”

चित्रपटानंतर चर्चा होते आणि चर्चेला ट्यूबलाइट लागतात, हे मावशी साफ विसरली होती. लख्ख उजेडात एक निवृत्त नायब तहसीलदार उठले. “आपल्याकडं हे असं नाही बाप्पा. आपण फक्त मुलगी उजळ पाह्यतो. तो आवडीचा प्रश्न आहे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. सवयीने मीही डोलावली.

मुलाने माझे डोळे पाहिले आणि खिशातला निळा रुमाल पुढे केला. त्याचेही डोळे लाल होते. मी तोंड पुसलं, चांगलं खसखसून. रुमाल परत दिला तेव्हा तो जवळजवळ पांढरा झाला होता.

त्याने रुमालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पावडर सांडू नये म्हणून रुमालाची नीट घडी घातली.

“पिक्चर लय भिडला मले,” तो म्हणाला. “बाकीचं आईले विचारून सांगतो.”